शोच्या रिंगमधून काटेरी जाळीत

इंग्लंडमध्ये कॉकर स्पॅनियलचं पिल्लू घेतलं की सोबत वंशावळीचा कागद येतो. त्यावर मागच्या काही पिढ्यांची नावं असतात आणि विजेत्या पूर्वजांची नावं बहुधा लाल शाईत लिहिलेली असतात. तो कागद घेऊन गनडॉग, म्हणजे बंदुकीसोबत काम करणारे कुत्रे, शिकवणाऱ्या माणसाकडे गेलात, तर लाल नावं किती यापेक्षा त्या नावांआधी कोणता किताब लावला आहे हे तो बघतो. ‘फील्ड ट्रायल चॅम्पियन’ दिसलं तर पुढचं बोलणं होतं. सगळीकडे ‘शो चॅम्पियन’च असेल तर बरेचदा उत्तर ठरलेलं असतं: कुत्रा देखणा आहे, घरी लाडाने ठेवा, कामाची अपेक्षा धरू नका. असं उत्तर ऐकून परत फिरलेल्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

शो-वंशाचा स्पॅनियल काम शिकू शकतो, हे मी अनुभवाने सांगतो. त्याचा वेग कमी पडेल, मोठ्या स्पर्धेत कामाच्या वंशातल्या कुत्र्यांपुढे त्याचा निभाव लागणार नाही, हेही खरं. पण नाक त्याच्याकडे आहे. घोटाळा होतो तो शिकवण्याच्या क्रमात. स्पॅनियल शिकवण्याची बहुतेक पुस्तकं अशा कुत्र्यांना समोर ठेवून लिहिली गेली, ज्यांना मुळात आवरावं लागतं. त्यांतला क्रम शोच्या पिल्लाला जसाच्या तसा लावला की त्याच्यात जो थोडाफार उत्साह असतो तोही मावळतो, आणि मग ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं’ म्हणायला लोक मोकळे होतात.

खरं तर दोन्ही वंश एकाच घरातले. कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारा केनेल क्लब लंडनला स्थापन झाला १८७३ साली. त्या काळी एकाच वेतातली पिल्लं वजनावरून वेगवेगळी ओळखली जात. पंचवीस पौंडांच्या, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलोंच्या आतला तो कॉकर आणि त्यावरचा तो स्प्रिंगर किंवा फील्ड स्पॅनियल. १८९०च्या दशकात कॉकरची स्वतंत्र नोंद होऊ लागली, १९०२ मध्ये इंग्लिश स्प्रिंगरला मान्यता मिळाली. दरम्यान १८९९च्या जानेवारीत डर्बीशायरमध्ये सटन स्कार्सडेल इथे स्पॅनियलांची पहिली फील्ड ट्रायल झाली. म्हणजे रूपाची परीक्षा आणि कामाची परीक्षा साधारण एकाच पिढीत सुरू झाल्या. सुरुवातीला दोन्हीकडे तेच कुत्रे, तेच मालक दिसत. पुढे हळूहळू वाटा फुटल्या. रिंगमध्ये लांब कान, भरगच्च केस आणि घडीव डोकं यांना दाद मिळत गेली. ट्रायलमध्ये हलकं शरीर, सपाट डोकं आणि काट्यांत न अडकणारे आखूड केस उपयोगी पडत गेले. प्रत्येकाने आपापल्या परीक्षेत उतरणाऱ्या कुत्र्यांपासून पैदास केली. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पन्नास-साठ वर्षं एकाच दिशेने निवड होत राहिली की असंच होतं.

शोच्या बाजूला कॉकरचं यश डोळे दिपवणारं होतं. एच. एस. लॉइड यांच्या ‘ऑफ वेअर’ केनेलच्या तीन कॉकरांनी मिळून क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात ‘बेस्ट इन शो’ सहा वेळा जिंकलं: १९३० व १९३१, १९३८ व १९३९, १९४८ आणि १९५०. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त नोंदणी कॉकरांची होत असे. घरोघरी तोच. भारतातही आपण ज्याला कॉकर म्हणून ओळखतो, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सोफ्याशेजारी लांब कान पसरून झोपतो, तो बहुतांशी याच शोच्या वंशातला.

इथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या मानकावरून रिंगमध्ये कॉकरचं परीक्षण होतं, त्या मानकातच कामाचं वर्णन आहे. वासाचा माग घेताना त्याची लगबग दिसली पाहिजे, दाट झाडोऱ्यात शिरायला तो कचरता कामा नये, असं केनेल क्लबने स्वतःच लिहून ठेवलं आहे. शोच्या गालिच्यावर हे कुणाला तपासता येत नाही, एवढंच. म्हणूनच किताबातही फरक केलेला आहे. गनडॉग गटातल्या कुत्र्याने रिंगमध्ये लागणारी सगळी प्रमाणपत्रं मिळवली तरी १९५८ पासून तो ‘शो चॅम्पियन’ होतो. नावामागचा ‘शो’ गाळून नुसतं ‘चॅम्पियन’ म्हणवून घ्यायचं तर त्याला मैदानात काम करून दाखवावं लागतं.

आता हे काम म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की डोळ्यांपुढे कारवान येतो: लातूर-सोलापूरकडच्या माळावर सशामागे सुटलेला, लांब पायांचा, नजरेवर धावणारा. स्पॅनियलचं सगळंच त्याच्या उलट. तो माणसाच्या पुढे वीस-पंचवीस पावलांच्या आत राहतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा नागमोडी फिरत प्रत्येक झुडूप, गवताचा प्रत्येक झुबका हुंगून काढतो. फेझंटसारखा पक्षी किंवा ससा दडलेला असेल तर त्याला उठवतो, आणि उठवल्या क्षणी तिथल्या तिथे खाली बसतो. पाठलाग करत नाही. बार होतो, पक्षी पडतो, तरीही तो बसलेलाच असतो. हुकूम मिळाला की जातो, पक्षी शोधतो आणि दातांची खूणही न उमटवता मालकाच्या हातात आणून देतो. वीस-पंचवीस पावलांचा हिशेब छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या टप्प्यावरून आलेला आहे. कुत्र्याने साठ पावलांवर पक्षी उठवला तर बंदूकवाल्याला त्याचा काही उपयोग नाही.

या कामात दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच कुत्र्याकडून हव्या असतात: शोधण्याची अनिवार ओढ आणि त्या ओढीच्या ऐन भरात थांबण्याची तयारी. कामाच्या वंशातलं पिल्लू पहिली घेऊनच जन्माला येतं. म्हणून एच. डब्ल्यू. कार्लटन यांच्या १९१५च्या पुस्तकापासून पी. आर. ए. मॉक्सन यांच्या १९५२च्या पुस्तकापर्यंत आणि त्यानंतरही सगळा भर दुसरीवर दिसतो: बसणं, थांबणं, शिट्टीला मानणं, आणि हे पक्कं झाल्यावर मग शोध. त्या कुत्र्यांसाठी तो क्रम योग्यच आहे. मी स्वतः ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली आहेत आणि कुत्र्याचं मन ओळखण्याच्या बाबतीत मॉक्सन यांचं बोट धरूनच शिकलो आहे.

शोच्या पिल्लाला मात्र आधी शोधू द्यावं. सात-आठ महिन्यांचं होईपर्यंत त्याला बसवून ठेवण्याचे धडे बेताने द्यावेत. एरवी त्याला दाट गवतात सोडावं, काय वास आहे ते त्याचं त्याला धुंडाळू द्यावं. त्याचं नाक खाली गेलं की हाक मारू नये, कौतुकाचा शब्दही उच्चारू नये. त्या वेळी त्याचं बक्षीस त्याच्या नाकाशीच असतं, आपण मध्ये बोललो की ते हिरावून घेतो. शोच्या घरांत वाढलेल्या पिल्लांना माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहायची सवय लागलेली असते. रिंगमध्ये ती हवीच असते, कारण तिथे हातातल्या खाऊकडे टक लावून उभं राहणाऱ्याचा रुबाब दिसतो. गवतात तीच सवय आड येते. कुत्रा चार पावलं जातो, मागे वळतो, काय करू म्हणून बघतो. अशा वेळी आपण दुसरीकडे बघावं आणि चालू लागावं. उत्तर आपल्याकडून मिळत नाही हे उमगलं की ते शोधायला तो जमिनीकडे वळतो.

श्रॉपशरमधल्या एका शेताच्या कडेला, कापणीनंतरच्या खुंटात, माझी निळसर-करडी कॉकर कुत्री पहिल्यांदा वासावर गेली तो क्षण मी इथे सांगतो, कारण वाचकाला नेमकं काय बघायचं ते कळावं. तोवर ती माझ्या बुटांभोवतीच घोटाळत होती. शेपटी हलत होती, पण ती नेहमीची, घरातली हालचाल. बांधाजवळ एका सुकलेल्या गवताच्या झुबक्याला ओलांडून ती पुढे गेली आणि एकदम परत फिरली, जणू कुणी नाकाला धरून वळवलं. डोकं खाली गेलं. श्वासाचा आवाज बदलला. छोटे, भराभर, नाकातल्या नाकात घेतलेले श्वास मला चार पावलांवरून ऐकू येत होते. शेपटीचा झोका आखूड झाला आणि वेग दुपटीने वाढला. ससा तिथून केव्हाच गेला होता, गवतात फक्त त्याच्या बसण्याची दाबलेली जागा उरली होती. ती त्या जागेभोवती फिरली, त्यात नाक खुपसलं, आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बांधावरच्या ब्लॅकबेरीच्या काट्यांत शिरली. तिच्या आईबापांच्या मागच्या कितीतरी पिढ्यांनी मैदान पाहिलं नव्हतं. शेपटीतला हा बदल ज्याला ओळखता येतो, त्याला आपल्या कुत्र्याच्या मनातलं निम्मं कळलं.

वाऱ्याबद्दल या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. ते मोठं झालं, पण मी ते कापलं नाही. नवशिके शिट्टीवर आणि डमीवर (आणून देण्याच्या सरावासाठी वापरतात ती कॅनव्हासची गुंडाळी) महिनोन्‌महिने घालवतात आणि वारा कुठून येतो ते एकदाही बघत नाहीत. समोरून वारा असला की वास कुत्र्याकडे येतो. तेव्हा तो तुमच्यापुढे आडव्या रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा फिरू शकतो. नवख्या कुत्र्याला कायम असाच वारा द्यावा. वारा पाठीमागून असेल तर कुत्रा सरळ पुढे निघून जातो आणि वळून तुमच्या दिशेने शोधत येतो. ज्याला हे माहीत नाही तो ‘ऐकत नाही’ म्हणून ओरडतो, आणि बरोबर काम करणाऱ्या कुत्र्याला शिक्षा होते. बाजूचा वारा असेल तर नागमोडी वाट तिरकी होते. चिमूटभर सुकं गवत हवेत सोडून बघायला वेळ लागत नाही. कुत्र्याला सोडण्याआधी प्रत्येक वेळी बघा.

तो तुमच्याजवळच शोधत राहावा यासाठी एक साधी युक्ती आहे. तो पाठमोरा असताना टेनिसचा चेंडू तुमच्या जवळच्या गवतात टाकून ठेवायचा आणि चालता चालता त्याला तिकडे वळवायचं. त्याला चेंडू सापडतो, आणि सापडतो तो नेहमी मालकाच्या आसपास. लांब गेलं की काही मिळत नाही, जवळ मिळतं, हे त्याचं तोच ठरवतो.

ओढ जागी झाली की मग थांबणं. शिट्टीचा एक लांब सूर म्हणजे खाली बस. हे शिकवायला जेवणाच्या भांड्यासारखी जागा नाही: भांडं हातात, शिट्टी, कुत्रा बसतो, भांडं खाली. काही आठवड्यांत सूर ऐकताच बूड जमिनीला टेकतं. शोवाल्यांची इथे एक रास्त शंका असते. रिंगमध्ये कुत्र्याने उभं राहायचं असतं, आणि बसायची सवय लागली तर परीक्षकासमोर तो बसेल, मग काय करायचं? माझा अनुभव असा की पट्टा आणि शब्द वेगळे ठेवले तर कुत्रा दोन्ही वेगळं ओळखतो. रिंगसाठी बारीक नायलॉनचा शो-लीड, मैदानासाठी जाड दोराचा स्लिप लीड. बसण्यासाठी इंग्रज स्पॅनियलवाले पूर्वीपासून ‘हप’ म्हणतात. तोच शब्द ठेवावा, म्हणजे घरात कुणी ‘बस’ म्हटलं तरी गोंधळ होत नाही. मात्र दोन्ही धडे एकाच दिवशी देऊ नयेत.

बाराबद्दल मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. आवाजाला एकदा बिचकलेला कुत्रा पूर्ववत होणं फार कठीण असतं, आणि बहुतेक वेळा तो माणसाच्या घाईनेच बिचकलेला असतो. ‘बघू तरी घाबरतो का’ म्हणून डोक्यावर बार काढणं हा क्रूरपणा आहे. कुत्रा खाण्यात किंवा शोधण्यात रमलेला असताना, दुसऱ्या माणसाने, शंभरेक मीटरवरून, लहान आवाजापासून सुरुवात करावी. कुत्र्याने कान टवकारून पुन्हा कामाला लागावं, इतपतच. अंतर काही आठवड्यांत कमी करावं. ज्यांच्या घरी दिवाळी आहे आणि खिडकीबाहेर ५ नोव्हेंबरचे इंग्रजी फटाकेही आहेत, अशा इंग्लंडमधल्या मराठी घरांना शरद ऋतूत जन्मलेल्या पिल्लांबाबत दुप्पट काळजी घ्यावी लागते.

आणून देण्याच्या धड्यात शोचे कॉकर बहुधा सुखद धक्का देतात. तोंडात काहीतरी घेऊन मिरवायची हौस या वंशात भरपूर उरली आहे. घरातले मोजे आणि चपला त्याची साक्ष देतील. ती हौस आपणच मारतो, चप्पल हिसकावून, ओरडून. पिल्लू काहीही घेऊन आलं तरी खाली बसावं, छातीला कुरवाळावं, वस्तू त्याच्या तोंडात काही क्षण राहू द्यावी आणि मग हात पुढे करावा. ओढाताणीचे खेळ नकोत, त्याने तोंड कठीण होतं. सुरुवात अर्ध्या पौंडाच्या छोट्या डमीने, घराच्या बोळात, जिथे पळायला दुसरी वाट नाही. दोन-तीनदा झालं की थांबावं. त्याला आणखी हवं असतानाच डमी खिशात गेली पाहिजे.

केसांचा प्रश्न टाळून चालणार नाही. रिंगसाठी वाढवलेली पायांची आणि पोटाची झालर काटेरी जाळीत एका सकाळीत तुटते. तेव्हा वर्षाचा हिशेब करावा: शोचे महिने कुठले, कामाचे कुठले. ज्यांना शोमध्ये पुन्हा उतरायचंच नाही त्यांनी कान, पंजे आणि पोट यांवरचे केस सरळ आखूड करावेत. कुसळांबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. माळावरून आल्यावर धोतराला आणि साडीला चिकटणारं कुसळ कॉकरच्या लांब कानात शिरलं तर पडद्यापर्यंत जातं, बोटांच्या बेचक्यातून कातडीखाली सरकतं. फिरून आल्यावर दर वेळी कान उलटून आणि बोटं फाकवून बघणं हा धड्याचाच भाग समजावा. शेपटीचंही असंच. इंग्लंडमध्ये २००७ पासून शेपटी कापायला बंदी आहे. कामाच्या काही कुत्र्यांना सूट आहे, पण त्यानंतर शेपटी कापलेला कुत्रा, जिथे प्रेक्षक पैसे भरून येतात अशा शोमध्ये उतरवता येत नाही. म्हणून शोच्या स्पॅनियलची शेपटी पूर्ण असते आणि जाळीत काम करताना तिचं टोक रक्तबंबाळ होऊ शकतं. टोकाचे केस थोडे राखावेत, जखम दिसली की ती भरेपर्यंत काम बंद.

हे सगळं शिकारीसाठीच करायचं का, असं मला नेहमी विचारतात. नाही. ब्रिटनमध्ये फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, आणि तिथे कायदेशीर शिकारीत हाकाऱ्यांच्या रांगेत कुत्रा नेणं ज्यांना पटतं ते नेतात. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी फक्त डमीवरच्या ‘वर्किंग टेस्ट’ आहेत, त्यांत एकही प्राणी मरत नाही आणि कुत्र्याच्या आनंदात काही उणं राहत नाही. भारतात तर प्रश्नच येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. पुण्याजवळच्या माळावर स्पॅनियल सोडणाऱ्याने त्याहून पुढचा विचार करावा. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटी करतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत नाकाने शोधणारा कुत्रा तिथे मोकळा सोडणं म्हणजे अंडी तुडवणं. इंग्लंडच्या खुल्या माळरानांवर याच कारणासाठी १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीवर ठेवावा लागतो. तेवढे महिने कुंपणाच्या आत, चेंडू आणि डमीवर धडे चालू ठेवता येतात.

ज्यांना मोजमाप हवं त्यांच्यासाठी केनेल क्लबचं ‘शो गनडॉग वर्किंग सर्टिफिकेट’ आहे. त्यात कुत्र्याने शोधावं, झाडोऱ्यात शिरावं, हळुवारपणे उचलून आणावं, बाराला बिचकू नये, आणि स्पॅनियलने पाण्यातही उतरावं, अशी अपेक्षा असते. अगदी काटेकोर स्थिरता मागत नाहीत. शोच्या कुत्र्याचा विचार करूनच ती परीक्षा बेतली आहे. एका वर्षाच्या शांत, नियमित कामात तिथवर पोचता येतं असं मी मानतो, आणि पुस्तकाची प्रकरणं त्याच हिशेबाने लावली आहेत.

सामान फारसं लागत नाही. एक स्लिप लीड, दोन कॅनव्हासच्या डमी, काही टेनिस चेंडू आणि २१०.५ क्रमांकाची ॲक्मे शिट्टी. स्पॅनियलवाल्यांत हीच रूढ आहे आणि तिचा सूर ठरलेला असल्यामुळे हरवली तरी तोच सूर पुन्हा मिळतो. पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. दोन-तीन वर्षं शोमध्ये फिरलेला कुत्रा असेल तर आधी वाऱ्याचं प्रकरण वाचा, त्याला महिनाभर नुसतं गवतात फिरवा, आणि तेवढे दिवस शिट्टी घरीच ठेवा.